मेव्हणे आणि नापास मेकॅनिक

कलबुर्गी शहरात पंखा, कूलर, गीझर किंवा एसी दुरुस्त करणारा असा एकही माणूस नसेल, ज्याला माझ्या मेव्हण्यांनी एकदा तरी नापास केलं नाही. मेव्हणे म्हणजे माझ्या पत्नीचे, शांताचे, थोरले भाऊ. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची तुरीची आडत होती. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि सगळ्या गाडीचं भवितव्य सांगायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. माणसांच्या बाबतीतही त्यांना तीच सवय लागली होती. फक्त माणूस दाताखाली फोडता येत नाही, म्हणून त्यांनी दुसरे उपाय शोधून काढले होते. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ठेवावं, यापलीकडे मी आयुष्यात फारसे निर्णय घेतलेले नाहीत. घरातले बाकीचे निर्णय मेव्हणेच घेत. ते गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण मी सावकाश लिहिणारा माणूस. उन्हाळा अर्धा सरला तेव्हा कुठे पहिलं वाक्य जमलं.

मेव्हण्यांची मुख्य परीक्षा भाषेची असे. मेकॅनिक आला की ते त्याला एक प्रश्न आधी मराठीत विचारत, थोड्या वेळाने दुसऱ्याच विषयातून वळसा घेऊन तोच कन्नडमध्ये, आणि तो पायऱ्या उतरायला लागला की पाठीमागून तोच दखनी उर्दूत. "पाव्हणं, माणूस एका भाषेत खोटं बोलू शकतो. दोन भाषेत हुशार माणूस बोलतो. तीन भाषेत कुणाच्या बापाला जमत न्हाई," असं ते मला समजावून सांगत. बहुतेक लोक दुसऱ्या भाषेतच घसरत. एकाला त्यांनी विचारलं, मशीनमध्ये गॅस कधी भरावा लागतो? मराठीत तो म्हणाला, कंपनीला विचारावं लागेल, कन्नडमध्ये नुसता हसला, आणि जिन्यावरून "गॅस कब डालना पडता मियाँ?" असं ऐकल्यावर म्हणाला, "हर साल डालना चाचा, नै तो मशीन बैठ जाता." नापास. पुढे एक जण असा आला की त्याने तिन्ही भाषांत अक्षर न बदलता एकच उत्तर दिलं. मला वाटलं, सुटलो. मेव्हण्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो गेल्यावर म्हणाले, "हा पाठ करून आलाय."

दुसरी परीक्षा पंख्याची. बैठकीतल्या टेबलफॅनची एक वायर ते आधीच आतून सोडवून ठेवत आणि मेकॅनिकला म्हणत, "मोठं काम नंतर बघू, आधी एवढं बघ." जो "वायर सुटली आहे" म्हणे तो पुढच्या परीक्षेला बसे; जो "मोटर जळाली" म्हणे त्याला चहासुद्धा मिळत नसे. चहा मिळणाऱ्यांचीही सुटका नव्हती, कारण चहा हीच तिसरी परीक्षा होती. एका बिचाऱ्याने शांताच्या चहाची तोंडभरून स्तुती केली. "जो फुकटच्या चहाला चांगला म्हणतो, तो खराब कॉम्प्रेसरलाबी चांगलाच म्हणणार," एवढं बोलून मेव्हण्यांनी त्याला निरोप दिला. नाव, गाव आणि दुकान कुठे आहे, हे प्रश्न ते फक्त पास झालेल्यांना विचारत, त्यामुळे ते विचारायची वेळ सहसा येत नसे. एवढ्या कडक निवडीचा परिणाम असा झाला होता, की त्यांच्या स्वतःच्या घरी ना गीझर होता ना कूलर. थंडीत ते तांब्याच्या बंबात पाणी तापवत, आणि उन्हाळ्यात शाहाबादी फरशीवर पाणी शिंपडून उघड्या अंगाने तिच्यावर आडवे होत. त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "भावजी, तुमच्या पुस्तकात असल्या माणसावर काही औषध हाय का हो?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी सोलापूरला शांताच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तिला घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, यांना उकाडा सोसणार नाही, खोली थंड ठेवा, यात हयगय नको. आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या थेट खाली. मार्च संपता संपता भिंतींना हात लावला तर तव्याची आठवण येई. माझ्या हातात डॉक्टरांचा कागद होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. मेव्हणे म्हणाले, "तुम्ही पुस्तकं वाचा पाव्हणं. मशीन आन् माणूस, दोन्ही मी बघतो."

मी खरोखरच वाचायला बसलो, आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला. एका ठिकाणी लिहिलं होतं की तांब्याची नळी पाहिजे, दुसरीकडे मशीनवर छापलेल्या वीजबचतीच्या चांदण्या मोजायला सांगितल्या होत्या, तिसरीकडे म्हटलं होतं की मशीन कुठलंही घ्या, बसवणारा नीट पाहा. शेजारी म्हणाले, एसी घ्या. समोरचे म्हणाले, एसीने सांधे धरतात, कूलर घ्या. त्यांच्या सुनेचं म्हणणं पडलं की कूलरमुळे डास होतात. एसीच्या दुकानदाराने मला विचारलं, "एक टनाचा देऊ का दीड?" मी ते मेव्हण्यांना विचारलं, आणि टन म्हणताच आडत्याचा चेहरा गंभीर झाला. "दीड टन म्हंजे पंधरा क्विंटल. तुरीची पंधरा पोती. भिंत पेलंल का?" दुसऱ्या दिवशी ते एक गवंडी घेऊन आले. गवंड्याने भिंतीवर टकटक करून पाहिलं आणि पेलणार नाही असा निकाल दिला. दुकानदाराने समजावलं की टन म्हणजे वजन नव्हे, थंडपणाचं माप आहे. त्यावर मेव्हणे जास्तच चिडले. "वजन न्हाई तर टन कामून म्हंतेत? बघा पाव्हणं, फसवणूक इथूनच सुरू व्हायलीय!" मला दोघांचंही पटलं. त्या दिवसांत मला जो बोलेल त्याचं पटत होतं.

एप्रिलभर आमच्या बैठकीत मेकॅनिकांची रांग लागली. गंजातला कुणी ना कुणी रोज एक नवा माणूस पाठवी आणि मेव्हणे दुपारी दुकान सोडून परीक्षा घ्यायला येत. शांता आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत असे. "अण्णा, ह्याला तरी पास कर की!" ती पडद्याआडून हाक मारी. "तू गप पड," ते बाहेरून ओरडत, "उद्या मशीन पेटलं तर? तुला घेऊन पळायचं कुणी? हे पुस्तकवाले पळणार हायेत?" ती हसे. हसताना टाके दुखत म्हणून उशी छातीशी धरून हसे. परीक्षा आटोपली की मेव्हणे शर्ट काढून गच्चीवर जात. दुकानातली रिकामी गोणपाटं त्यांनी आमच्या स्लॅबवर अंथरली होती. टाकीतून बादल्या भरभरून ते ती भिजवत. साठीच्या पुढचा माणूस भर उन्हात वर-खाली करतो आहे हे पाहून मी मदतीला गेलो, तर म्हणाले, "तुमचा पाय घसरंल. खाली जाऊन तिला वाचून दाखवा काही." खोली तासभर निवे. मग गोणपाटं वाळत आणि छत पुन्हा तापे. एकच माणूस निवडीत एवढा वेळ घालवतो आणि त्याच वेळात बादल्याही वाहतो, याचा मेळ मला लागत नव्हता. मी एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, कुणीही चालेल. थंड हवेशी मतलब." ते थांबले. "कुणीबी चालंल असं कसं म्हंता? तिच्या डोक्यावर टांगायचंय ते."

मे महिन्यात एके दुपारी बैठकीत असाच एक जण बसला होता. लांबट चेहऱ्याचा, घाईतला माणूस. त्याने टेबलफॅन उघडायचे कष्टही घेतले नाहीत. पातं बोटाने फिरवलं आणि म्हणाला, "मोटर गयी इसकी. नवा ले लो." मेव्हणे माझ्याकडे पाहून हसले, असा उघड नापास बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. तेवढ्यात आतून शांताचा आवाज आला. हाक नव्हती ती. "अण्णा," ती अगदी हळू म्हणाली, "मला सुधरंना झालंय." मी धावत आत गेलो. तिचे ओठ पांढरे पडले होते, गळ्यावरचा घामही आटला होता. मी डॉक्टरांना फोन लावत होतो, पाणी शोधत होतो, आणि फोन कानाला धरूनच फोन कुठे ठेवला ते शोधत होतो. मेव्हणे दारात उभे होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मग ते वळले आणि त्या माणसाचा दंड धरला. "हत्यारं हायेत का सोबत?"

"है. पण चाचा, ये फॅन तो..."

"फॅन जळू दे. मशीन घेऊन येऊ. चल."

"कितने टन का?"

"कितीचंबी!"

मी त्यांना जिन्यावरून उतरताना पाहिलं. एकाही भाषेत त्यांनी त्याला काही विचारलं नाही. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मी शांताला खालच्या शेजाऱ्यांच्या कूलरपुढे नेऊन निजवलं, साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजत राहिलो. वर भिंतीला भोक पाडण्याचा आवाज येत होता. संध्याकाळपर्यंत खोली अशी थंड झाली, की शांताला पांघरूण द्यावं लागलं. ती डोळे उघडून म्हणाली, "पास झाला का कुणी?" खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसून मेव्हण्यांनी भिंतीवर तळहात ठेवून पाहिला.

मशीन उत्तम चाललं. याचंच मेव्हण्यांना दुःख झालं असावं. आयुष्यभराचं शास्त्र एका नापास माणसाने खोटं पाडलं होतं. ते रोज येत, भिंतीवर तळहात ठेवत, कान लावत आणि जराशा नाराजीने विचारत, "अजून चालायलंय?" मी हो म्हणालो की म्हणत, "माणूस चुकून चांगला निघाला." शांता बरी होत गेली, स्वयंपाकघरात हिंडू लागली, आणि तिला बरं वाटतंय असं कुणी म्हटलं की ते मशीनकडे संशयाने पाहत, जणू त्या दोघांत काही ठरलं असावं. पुढच्या उन्हाळ्यातही हे चालूच होतं. मग हिवाळ्यात एका सकाळी, गंजात, तुरीचा लिलाव चालू असताना, ते पोत्यावर टेकले आणि उठलेच नाहीत.

आता या उन्हाळ्यात मशीनमधून पाणी ठिबकायला लागलं आहे. शांता त्याखाली बादली ठेवते आणि भरली की तुळशीला घालते. मी म्हणालो, ज्याने बसवलं त्यालाच बोलावू. पण तो कोण होता? त्याचं नाव आम्हाला माहीत नाही, दुकान माहीत नाही, गाव माहीत नाही. सगळ्या शहराची उलटतपासणी घेणाऱ्या माणसाने त्या एका दुपारी कुणाला काही विचारलंच नव्हतं. गंजात चौकशी केली. कुणाला आठवत नाही. शेजाऱ्यांनी दोन नंबर दिले आहेत, समोरच्यांनी तिसरा दिला आहे, आणि समोरच्यांच्या सुनेचं म्हणणं आहे की तिघेही लबाड आहेत. मला नेहमीप्रमाणे सगळ्यांचंच पटतं. काल फोन हातात घेऊन मी शांताला विचारलं, "यातला कुठला बोलावू?" ती बादली उचलून निघाली होती. थांबून तिने भिंतीकडे पाहिलं. "घाई काय हाय," ती म्हणाली, "थंड करायलंय की अजून." आणि पाणी सांडू न देता हळूहळू बाहेर गेली.