मोटार घ्यायला पिशवी

मोटारीच्या शोरूममध्ये, हडपसरला, माझ्या शेजारच्या टेबलाशी एक काका बसले होते. मोटार घ्यायला आलेल्या या गृहस्थांच्या मांडीवर मंडईची कापडी पिशवी होती. मी आयटीतला नवा पगारदार. सांगितलेल्या किमतीला मुकाट्याने हो म्हणून पेढा खात होतो. काकांनी मात्र भेंडी मोडून बघावी तशी गाडीची दारं उघडून-मिटून पाहिली होती.

"काका, खास तुमच्यासाठी कमी केलंय," सेल्समन म्हणाला.

"खास? अहो, आपली ओळख कधी झाली?" असं म्हणून काका पिशवी उचलून दाराकडे निघाले. सेल्समनने परत बोलावलं, सीट कव्हरं फुकट दिली. काकांनी पुन्हा पिशवी उचलली, तेव्हा मॅटही मिळाल्या. मग त्यांनी आपला शेवटचा आकडा सांगितला.

सेल्समन कंटाळून म्हणाला, "दिली!"

काकांचा चेहराच पडला. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "इतक्या सहज हो म्हणाला, म्हणजे मी जास्तच सांगितले. फसत होतो की हो!"

आणि पिशवी उचलून जे गेले ते गेलेच.

मी हातातल्या पेढ्याकडे पाहिलं. तो दुसरा होता. आणि तो मला पुण्यात, शोरूमवाल्यांनी स्वतःहून, आग्रह करून दिला होता.