पत्रिकेवरची वेळ

आमच्या घरात कामाचं माणूस म्हणजे माझी बायको. मी शाळेत कारकून आहे आणि उन्हाळ्यात शाळेसोबत मीही जवळजवळ बंद असतो. तिचं अकोल्यात जठारपेठेत ब्यूटी पार्लर आहे. लग्नसराईत एखाद्या वेळी लग्नाचं लॉन मिळेल, तिची तारीख मिळणार नाही.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही आम्हाला मूलबाळ नव्हतं. शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टर बाईंकडे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार करायचं ठरवलं. घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्रत्येक आत्याने एकेक काढा पाठवला असता.

"लगनसराई होऊन जाऊ द्या ना, म्याडम," बायको म्हणाली.

"तपासण्या बघता मी एक महिनाही घालवणार नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या.

मग बायकोने मोबाईल काढला आणि दोघी तारखा जुळवू लागल्या. मी मधल्या खुर्चीत बसून दोघींच्या तोंडाकडे पाहत होतो. माझ्या तारखा कोणी विचारल्या नाहीत.

रोज संध्याकाळी पोटात एक इंजेक्शन घ्यायचं होतं. दुसऱ्याच्या पापणीवर केसाएवढी रेघ ओढताना हिचा हात हलत नाही, पण स्वतःसाठी सुई दिसली की ही भिंतीला टेकते. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दवाखान्यातल्या सिस्टरने मला संत्र्यावर शिकवलं. घरी मी पिशवीभर संत्र्यांना टोचून सराव केला. एकाला तर चुकून "दुखलं का?" असंही विचारलं.

"मले कधी विचारान?" बायको दारातून म्हणाली.

मग सुरू झाली माझी वरात. ती ज्या लग्नात असेल तिथे मी बर्फाच्या थर्मासमध्ये इंजेक्शन घेऊन हजर. लोकांना वाटायचं, पार्लरवाल्या बाईंचा माणूस घरून मठ्ठा घेऊन येतो. एका मामांनी तर ग्लास पुढे केला होता. "पथ्याचा हाय," म्हणून मी सुटलो.

असं करत शेवटच्या इंजेक्शनपर्यंत आलो. ते दिल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीला स्त्रीबीजं काढायची होती. "संध्याकाळची कोणतीही वेळ घ्या," डॉक्टर बाईंनी सांगितलं, "पण एकदा ठरली की हलवू नका. चुकली तर सगळी मेहनत वाया जाईल."

त्या दिवशी बाळापूर रोडवरच्या एका लॉनवर लग्न होतं. मुहूर्त सातचा. बायको पटकन म्हणाली, "सात लिहा."

"सातला तर लग्न आहे ना?" डॉक्टर बाई पुण्याकडच्या होत्या.

"म्हणूनच. सातले सारे रिकामे असतात."

तिचा हिशेब बरोबर होता. आमच्याकडे पत्रिकेत सात लिहिलं असेल तर सातला नवरदेव चौकात डीजेपुढे अडकलेला असतो, नवरीकडचे चहा शोधत असतात आणि नवरीला नऊवारी नेसवायला अजून तासभर असतो. वर्षानुवर्षांचा अनुभव होता तिचा.

पण या नवरदेवाचे वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी डीजे सांगितलाच नव्हता, नाचायला बंदी घातली होती. पावणेसातला वरात फाटकात उभी. स्वयंपाक्याची वांग्याची भाजी अजून चुलीवर होती. नवरीचा एक डोळा रंगवून झाला होता, दुसरा कोरा, आणि खोलीत पंधरा बायका "अव, आटप ना" म्हणत हिला जागची हलू देत नव्हत्या.

मी थर्मास घेऊन दार वाजवलं. एका काकूंनी फटीतून पाहिलं. "मठ्ठा बाहेर ठेवा, भाऊ. माणसाईचं काय काम हाय इथं?" दार बंद.

फटीतून मला बायकोचा चेहरा दिसला होता. हातात ब्रश, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिला ओढलेली रेघ पुसताना पाहिलं. मी पुन्हा दार वाजवलं. माझं धाडस तेवढंच.

आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. नवरी म्हणाली, "ताई, काहून रडून राहिल्या?" आणि जे आम्ही सख्ख्या आत्यांना सांगितलं नव्हतं, ते हिने तिच्या कानात सांगून टाकलं.

दार उघडलं आणि बायका एकामागून एक बाहेर आल्या. "नवरीले एकटं बसाचं हाय म्हणते," काकू कुरकुरल्या. त्या मंडपाकडे वळल्यावर मी आत शिरलो.

नवरीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं, पण बायकोचा हात घट्ट धरून ठेवला होता. "भाऊजी, सावकाश करा," ती म्हणाली. "माह्यं लगन कोठी पळून नाई चाललं."

तेवढ्यात दारावर थाप पडली. नवरदेवाचे वडील. "और कितना टाइम?"

"मामाजी, मी आल्याशिवाय कोणाचं लगन लावान?" नवरी आतूनच सासऱ्यांना म्हणाली.

बाहेरचे बूट दूर गेले. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. मी सुई टोचली. "दुखलं का?" विचारलं. बायको डोळे मिटूनच हसली.

दुसरा डोळा रंगवून, नऊवारी नेसवून नवरी मंडपात गेली तोवर मुहूर्त टळून गेला होता. तिने कोणाला कारण सांगितलं नाही.

आमची मुलगी आता एक वर्षाची झाली. वाढदिवसाला ती नवरी सासरच्या माणसांसोबत आली, थोडी उशिराच. तिचे सासरे मनगटावरचं घड्याळ पाहत मला म्हणाले, "आमच्या सूनबाईले उशिराची सवय हाय. लगनापासून पाहून राहिलो."

बायको पुढे झाली, काहीतरी बोलणार होती. नवरीने डोळ्यानेच नको म्हटलं. मग आमच्या पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "हाव मामाजी. सवयच हाय."

मी आत जाऊन सासऱ्यांसाठी मठ्ठा आणला. त्याच थर्मासमधून.