आधी बस, मग रड

"आधी बस. मग रड."

हरून आलो की आमच्या खेळाच्या बाई एवढंच म्हणायच्या. बसायचं म्हणजे कुठंही नाही हं. मैदानावर खो-खोच्या आपापल्या चौकोनात, खेळताना बसायचो तसं. मग एकेकीनं आपली चूक मोठ्यानं सांगायची. शेवटी बाई खांबाला टेकून स्वतःची सांगायच्या.

"बाई, सकाळी आईनं चार भाकरी खायला घातल्या," एकजण म्हणाली.

"ती आईची चूक. तुझी सांग की."

"पाचवी मी मागून घेतली."

बाईंसकट सगळ्या हसलो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, हरलेल्या पोरींना हसत घरी पाठवणारी.

त्यांचा आणखी एक दंडक होता. आपला फाऊल पंचांना दिसला नाही, तर आपणच हात वर करायचा. "चूक लपवलीस तर उद्या पुन्हा तेच करणार हायस तू."

मी अकरावीत होते. हेडमास्तरांनी बाईंना बजावलं होतं, यंदा जिल्ह्याचा कप आला तरच मुलींचा खो-खो. नाहीतर मैदानावर सायकल स्टँड. बाई घसा बसेपर्यंत आमच्यामागं होत्या.

फायनलला शेवटचे काही सेकंद राहिलेले, जिंकायला एक गडी हवा. मी उठले, झेपावले, पळणारीच्या पाठीला माझा हात लागला. पंचांनी शिट्टी दिली. आउट. पोरी नाचायला लागल्या. पण मला ठाऊक होतं, खो मिळायच्या आधीच मी उठले होते.

मी हात वर केला. आउट रद्द झाला, वेळ संपली, आम्ही हरलो.

शाळेत परतून आम्ही चौकोनात बसलो. मी माझी चूक सांगितली. बाई खांबाशी उभ्या.

"माझी चूक एकच हाय," शेवटी म्हणाल्या. "तुम्हास्नी हात वर करायला शिकवलं."

रागानं म्हणाल्या असत्या तर मी सोसलं असतं हो. त्या थकून म्हणाल्या.

महिन्याभरात खांब उपटले. बाईंना शिवणाचा वर्ग दिला.

लग्नानंतर माहेरी आले तेव्हा एकदा त्यांना भेटायला गेले. हात वर करायला शिकवणं ही खरंच चूक होती का, एवढंच विचारायचं होतं. वर्गाच्या दारात थांबले. एक लहान मुलगी वाकडी शिवण घेऊन बाईंपुढं उभी होती, डोळ्यांत पाणी.

आता म्हणतील, आधी बस.

बाईंनी कापड तिच्या हातातून घेतलं. टाके स्वतःच उसवले, स्वतःच सरळ घातले. तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "जा घरी."

मी दारातूनच परत फिरले.