इंजिनाची वात

आमच्या घरी कंदिलाची वात मोठी ठेवणं म्हणजे गुन्हाच होता. आई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली असली तरी तिचं अर्धं लक्ष कंदिलात. "कायले एवढी मोठी केली वात? रॉकेल का नाल्यातून वाहून येते?" असं म्हणत पिठाच्या हातानंच वात बारीक करायची. त्या मिणमिणत्या उजेडात मी सातवीची फायनल पास झाले. सवय अशी जडली की दुसऱ्याच्या घरीही कंदील मोठा दिसला की माझा हात आपोआप पुढं जाई. ह्या सवयीनं एका सकाळी माझं वाटोळंच होत होतं.

आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला चार-पाच वर्षं झाली होती. पोरीनं शिकायचं, हे घरात ठरून गेलं होतं. पण नातेवाइकांनी एक स्थळही पाहून ठेवलं होतं, आणि मास्तरकीच्या ट्रेनिंगला नंबर लागला नाही तर उन्हाळ्यात लग्न, असा तह झाला होता. मग यवतमाळहून मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी अकराला हजर राहायचं. आमचं गाव वणीकडचं, आडवाटेचं; मोटार धरायची तर तीन कोस पायी जायचं. त्यात बाबा तापानं फणफणलेले.

तारलं मामांनी. मामा सख्खे नव्हेत, आईच्या माहेरगावचे, पण राहायला आमच्याच गावात. कापसाचा डिझेल ट्रक चालवायचे. "जिनिंगात कापूस टाकाचाच हाय यवतमाळले. भाचीले घेऊन जातो," म्हणाले.

दिवस पौषातले. मामांच्या गाडीची बॅटरी म्हातारी, थंडीत सेल्फ मारला की नुसती कण्हायची. म्हणून मामा गाडी गावाबाहेरच्या टेकाडावर, उताराला तोंड करून उभी ठेवत. सकाळी चाकाखालचा दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, वेग आला की गिअर टाकायचा. त्या दिवशीही ती तशीच चालू झाली आणि सहाच्या सुमाराला आमच्या घरापुढं, सपाटीवर येऊन थांबली. मामांनी स्टिअरिंगजवळची एक काळी मूठ बाहेर ओढून ठेवली, तसा इंजिनाचा आवाज चढला. मग त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि कापसावरचे दोर आवळायला मागं गेले.

मी बसले. इंजिन धाडधाड करत होतं. धूर हा एवढा! गाडी जागची हलत नाही, आणि डिझेल आपलं जळतंय. मला काही ते बघवेना. वाटलं, मामा विसरले. कंदिलाची वात उतरवावी तशी मी ती मूठ अलगद आत ढकलली. इंजिन दोनदा ठसकलं आणि गप्प झालं.

मामा धावत आले. त्यांनी मुठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी रडायलाच लागले. "मामा, ते एवढं जोरात काहून चालून राह्यलं होतं? मले वाटलं, डिझेल वाया चाल्लं."

दुसऱ्या कोणी थोबाडीत दिली असती. माझा स्वभाव तापट, मी तर दिलीच असती. मामा पायरीवर टेकले आणि म्हणाले, "अवो माय, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही राहत. आत हवा दाबल्या जाते, दाबून दाबून तापते, अन् त्या तापीनंच डिझेल पेट घेते. थंडीत लोखंड गार पडते, ते सारी ताप पिऊन घेते. तेलबी पाकावानी घट्ट होते. म्हणून गरम होयेपर्यंत त्याले जास्त द्या लागते, जोरात चालवा लागते. एकडाव तापलं, का आपसूक कमी करता येते."

"अन् आता?"

"आता उतार पाहिजे."

टेकाड मागं राहिलं होतं. पुढचा उतार नाल्याकडं, दोन फर्लांगांवर, आणि मधे चढ. यवतमाळ तिथून चार तास. माझं लग्न मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

तेवढ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बैलगाड्या बाजाराला निघालेल्या आल्या. मामांनी हात जोडून त्या थांबवल्या. तांड्याचा नायक खाली उतरला, ट्रकभोवती एक चक्कर मारली. "कावो डायवर, एवढं मोठं जनावर, अन् थंडीनं मेलं?"

मामांना आपल्या हाताचा भारी तोरा. त्यांच्या हातून गाडी बंद पडते, असं कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "माह्यंच चुकलं. मूठ आत राहून गेली." माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या आज्या-पणज्यानं बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घातला," नायक हसत म्हणाला, "आता मोटारबी आमच्याच बैलानं ओढाची का?" असं म्हणता म्हणता त्यानं जू सोडलंसुद्धा. चार जोड्या जुंपल्या. अर्ध्या गावानं मागून रेटलं. आईही पदर खोचून आली. चढावर एक बैल गुडघ्यावर बसला, तेव्हा त्याचा धनी त्याच्या कानाशी वाकून आपल्या बोलीत काहीतरी बोलला, आणि तो उठला. त्या बैलाचे उपकार मी आजही मानते. माथ्यावर दोर सोडले, गाडी घरंगळली, मामांनी गिअर टाकला आणि मूठ ओढली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

पोचलो तेव्हा शेवटची नावं पुकारत होते. त्यात माझं होतं. नंबर लागला, ट्रेनिंग झालं, जन्मभर शाळेत शिकवलं.

गावात मात्र मामांचं नाव 'बैलवाला डायवर' असं पडलं ते पडलंच. लग्नाकार्यात चारचौघं चिडवत, मामा हसून घेत. मी मास्तरीण झाले तरी गप्पच. लाज वाटायची, दुसरं काय!

मामा वारले तेव्हा मी भेटायला गेले. मामीपुढं बसले आणि सांगून टाकलं, "मामी, ती गाडी मी बंद पाडली होती."

"मले मालूम हाय," मामी म्हणाली. "त्यायनं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"रागावले होते?"

"नाही वो. म्हणे, पोट्टी जन्मभर बारीक वातीत बसली, तिचा काय दोष? अन् तवापासून आमच्या पोरी अभ्यासाले बसल्या, अन् म्या कंदिलाले हात लावला, का वरडत, 'राहू दे मोठी! पह्यले गरम तं होऊ दे त्यायले.'"