डब्यातला पांढरा थर

आमच्या ह्यांना हृदयाचा झटका आला तो एप्रिलात, मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात लादी उचलताना. वय बेचाळीस. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. एवढ्या तरुण माणसाला असलं काही होतं, हे आमच्या वाडीत कोणी ऐकलंही नव्हतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. तूप, वनस्पती, घरात ठेवल्यावर जे जे थिजतं ते बंद. पातळ राहतं ते तेल वापरा, तेही बेतानं. आणि घरात आरडाओरडा नको. पहिली गोष्ट मी पदराला गाठ मारून घरी आणली. दुसरी बहुतेक दवाखान्याच्या पायरीवरच राहिली.

मी तापट, हे आधीच कबूल करते. आल्या आल्या तुपाची बरणी शेजारी देऊन टाकली. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या.

"अगो, माज्या भातावर तरी चमचाभर ऱ्हाऊ दे."

"नको. घरात असलं की ह्यांच्या पानात जाणारच," मी जवळजवळ ओरडलेच. त्या कोरडा भात कालवून जेवल्या.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला दुकानातल्या गोड्या तेलाचाही संशय यायला लागला. त्यात काय मिसळतात देव जाणे! आमच्या परसात सात माड. खोबरं आमच्याच अंगणात वाळलेलं, घाण्यावर डोळ्यांदेखत काढून आणलेलं. मे महिना होता. बाटली उजेडात धरली तर खोबरेल पाण्यासारखं पातळ. झालं, त्या दिवसापासून घरातली प्रत्येक फोडणी खोबरेलात. तारल्यांची मासळी मात्र बंद केली. त्यांच्या कालवणावर तेलाचा तवंग येतो, म्हणजे ती डोळ्यांना दिसणारी चरबीच, असं माझं शास्त्र. ह्यांचा तारल्यांवर भारी जीव. एकदा ओळखीच्या कोळणीने चार फुकट दिल्या, त्याही मी दारातून परत पाठवल्या. हे ओटीवरून बघत होते.

हे जेवायला बसले की मी समोर बसायची. कपाळावर घाम आहे का, श्वास लागतोय का, हात छातीकडे जातोय का. नुसतं खाजवायला हात वर गेला तरी पुढच्याच क्षणी मी कशावरून तरी कोणावर तरी डाफरायची. भीतीच होती ती सगळी. पण मला घाबरताही धड येत नव्हतं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत समुद्रात गेल्या आणि ह्यांना कारखान्यात बसून देखरेख करायचं काम मिळालं. सकाळी डबा मी भरून द्यायची.

दिवाळी उलटली होती. भर दुपारी कारखान्यातला एक कामगार धापा टाकत दारात आला. "वैनी, चला. दादा छाती धरून बसलेत."

मी तशीच अनवाणी धावत सुटले. बर्फाच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर हे बसले होते, चेहरा राखेसारखा. मी ह्यांच्या खिशातली, डॉक्टरांनी दिलेली गोळी काढून ह्यांच्या जिभेखाली ठेवली. कोणी तरी टेम्पो आणायला पळालं. तेवढ्यात बाजूला उघडा पडलेला डबा दिसला. गवारीच्या भाजीवर पांढरा थर होता. बोट लावलं, तर मेणासारखा घट्ट.

दर थंडीत डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली उन्हात ठेवत आलेली बाई मी. मे महिन्यात ते मला आठवलं नव्हतं.

मासळीच्या टेम्पोतून दवाखाना गाठला. एक कार्डिओग्राम झाला, तासाभराने दुसरा. तेवढा वेळ मी तो डबा हातात धरून बाहेर उभी होते. खाली ठेवायचं सुचलंच नाही. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, नवीन झटका नाही. मी डबा त्यांच्यापुढे उघडला.

"आजचं दुखणं ह्यानेच आलं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण खोबरेल तुपाच्याच पंगतीतलं. आपल्याकडच्या उकाड्यात पातळ दिसतं एवढंच. गोडं तेल वापरा, थोडं."

"आणि तारल्या?"

"तळू नका. कालवण खुशाल द्या. माशाचं तेल असं थिजत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे द्यायचं ते दारातून परत पाठवलं होतं, आणि जे टाळायचं ते मीच रोज रांधून डब्यात भरत होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घरी सोडलं. रिक्षात बसलो. मग मी विचारलं, "रोज थिजायचं?"

"रोज. तिथे गार असतं ना."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

हे बाहेर बघत राहिले. "तू चिडली असतीस. घरात आरडाओरडा नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग मी वरचा थर चमच्याने बाजूला करायचो आणि खालची भाजी खायचो."

तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. घरी पोचेपर्यंत ह्यांचा हात माझ्या हातात धरून बसले, आणि दारात आल्यावर सासूबाईंना हळू आवाजात म्हटलं, "आई, ह्यांना आणलंय."