मूठभर गव्हाचं पीठ

डॉक्टरला काय जातं सांगायला! पोट दुखतं, वजन उतरतं म्हणून गेलेल्या मोतीलालनानांना धुळ्याच्या डॉक्टरनं बजावलं, "गहू बंद. चिमूटभरसुद्धा नको. तुमच्या आतड्यांना तो सोसत नाही." नाना रेल्वेतून रिटायर झालेले, नरडाण्यात एकटेच राहायचे. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा सुरतेला. जेवणाचा डबा लावलेला, त्यात रोज चपात्याच.

नाना बाजारात गेले. बाजरी उन्हाळ्यात उष्ण पडते. नाचणी आपल्याकडे कोण खातं? भगरीनं पोट भरत नाही. शेवटी दादर घेतली, आपली काळ्या मातीतली ज्वारी. पण भाकरी थापणार कोण? नानांची पहिली भाकरी परातीतच मोडली.

समोरच्या घरातली रुक्माबाई हे बघत होती. तीही विधवा, तीही एकटी. दुसऱ्या दिवसापासून ती दोन भाकरी घेऊन यायला लागली. नाना जेवेपर्यंत दारापुढच्या ओट्यावर बसायची, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, सगळं सांगायची. नाना मुद्दाम सावकाश चावायचे.

तीन महिने झाले तरी पोटदुखी हटेना. वजन आणखी उतरलं. डॉक्टर वैतागला, "गहू कुठून तरी जातोय पोटात." नानांनी भीतभीतच रुक्माबाईला विचारलं.

"बठ्ठी दादरच शे, नाना," ती म्हणाली. "फक्त मूठभर गहूनं पीठ टाकस. तुमना दातस्ले नरम लागाले पाहिजे ना."

नानांनी आणखी दोन दिवस तीच भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी कळ सोसवेना, तेव्हा डॉक्टरनं गहू बंद केलाय हे सांगून टाकलं. रुक्माबाईचं तोंड एवढंसं झालं. आपल्याच हातानं हे घडलं म्हणून ती रडली. नाना म्हणाले, नुसत्या दादरची कर. पण तिनं धास्तीच घेतली. यापुढे तुमच्या पिठाला हात लावणार नाही, म्हणाली.

"मग नुसती येत जा," नाना म्हणाले.

नुसती कशी येणार? हातात ताट होतं तोवर कुणी बोललं नाही. रिकाम्या हातानं एकट्या बाईनं एकट्या पुरुषाच्या ओट्यावर बसायचं, तर गाव काय आंधळं आहे?

आता नाना अख्खी दादर भिजत घालतात, कुकरला लावतात, वर तेल-मीठ घालून चमच्यानं खातात. वजन चार किलोंनी वाढलं. डॉक्टर खूश झाला.

"दुखणं गेलं ना?" त्यानं विचारलं.

"गेलं," नाना म्हणाले. थोडं राहिलं असतं तरी चाललं असतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.