आबांची मेथी आणि माझा गहू

आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, युरियावर जेवढा जीव आहे तेवढा पोटच्या पोरावरही नसेल. पोरगा, म्हणजे माझा नवरा, कारेगावला कंपनीत. तिथंच खोली करून राहतो, रविवारी घरी येतो तो झोपायला. युरिया मात्र बारा महिने ओसरीवर हजर. मग आबांचं तरी काय चुकलं म्हणा!

तर रानात राबायची मी आणि ठरवायचे आबा. काय पेरायचं, खत किती टाकायचं, मला कुणी विचारायचं नाही. साडी नको, डोरलं नको, मला तेवढंच हवं होतं. रानात माझा शब्द चालायला हवा होता.

गेल्या गव्हाच्या पेरणीआधी कृषी सहायक गावात येऊन जिवाणू खताचं सांगून गेले. बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. हे जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. "पण युरिया बंद करू नका, फक्त कमी करा," असं त्यांनी जाता जाता पुन्हा बजावलं. मी नीट ऐकलं होतं हो! पण घरी आले, तर आबांनी माझ्या हातातली बाटली उन्हात धरून बघितली.

"ह्यात किडं हायती? आन् ते गव्हाला पोसणार व्हय?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमच्या युरियाचा एक दाणा न टाकता गहू आणून दाखवते."

"आण की. तुझा माझ्याइतका झाला तर पुढल्या साली सगळं रान तू बघ. न्हाई झाला, तर परत मला शिकवायचं न्हाई."

झालं! रस्त्याकडचं अर्धं वावर माझं, विहिरीकडचं आबांचं. मी गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळले, तान्ह्या लेकराला तेल लावावं तसे. आबा शेजारी बसून विचारतात, "धुरी कवा द्यायची?"

गहू उगवला झकास. पण पुढं आबांचा हिरवा काळाभोर झाला आणि माझा कावीळ झाल्यासारखा पिवळा. त्यात वावर रस्त्याला लागून. वरवंडच्या बाजाराला जाणारा प्रत्येक जण मुद्दाम गाडी हळू करायचा. "आबा, सुनंच्या गव्हाला दवाखान्यात न्या की!" आबा हसायचे नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी घरात भांडी आपटत होते. आतून पार टरकले होते. हरले असते तर जन्मभर तोंडाला कुलूप.

त्याच दिवसांत आबांना मेथीचं वेड लागलं. कॅनॉलचं पाणी सुरू होतं, आणि आबा रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन रानात जायचे आणि तळाशी चार काड्या मेथी घेऊन यायचे. जाताना मात्र पिशवी खांद्यावर अशी, की म्हातारा एका अंगाला कलायचा. मी विचारलं, "आबा, जाताना काय नेता एवढं?" तर म्हणे, "विळा हाय."

मग एकदा मेथी निवडताना बोटाला पांढरे दाणे लागले. साबुदाण्यासारखे गोल. मी पिशवी उलटी केली, तर शिवणीतून आणखी गळले. युरिया! मेथी उकिरड्यावर टाकली आणि मुद्दाम म्हटलं, "आबा, आज मेथीची भाजी करते."

"मला नगं," आबा घाईनं म्हणाले. "पोट बरं न्हाई."

मी पिशवी होती तशी खुंटीला अडकवली. राग तर याचा आला होता, की माझी पैज माझ्या हातून काढून घेतली. आणि गहू तर डोळ्यांदेखत हिरवा होत चालला होता. खाली माझे जिवाणू, वर आबांचा चोरटा युरिया. कृषी सहायकांनी सांगितलं होतं तेच सुनेनं आणि सासऱ्यानं एकमेकांपासून लपवून पार पाडलं.

मळणी झाली. दोन ढिगांत डावं-उजवं करता येईना. आबांचा तर इतका युरिया खाऊन वाऱ्यात लोळला होता, माझा ताठ उभा राहिला होता. शेजारपाजारचे जमले, पैज सगळ्यांना ठाऊक. आबांनी नुसतं सांगायचं होतं, की हिच्या वावरात युरिया मीच टाकलाय. पैज तिथल्या तिथं जिंकले असते.

"किड्यांनी करून दाखवलं बरं का," आबा म्हणाले. "पुढल्या साली पेरणीचं हिला इचारा."

माणसं गेल्यावर मी म्हटलं, "आबा, पुढल्या साली सगळ्या वावराला जिवाणू लावायचे आणि वर निम्मा युरिया. युरिया तुम्ही टाकायचा. घमेल्यानं टाका, पिशवी धुऊन ठेवलीय मी."

आबांनी टोपी काढून झटकली.

"पिवळं पडलं हुतं गं," ते म्हणाले. "भुकेलं रान मला बघवंना. मग ते तुझं का असंना."

मला रडूच आलं. जिंकले होते ना मी! पदरानं डोळे पुसले आणि त्यांना विचारलं, विहिरीकडं काय पेरायचं.